यानं माहं काय घोडं मारलं?

"काका, यानं माहं काय घोडं मारलं?"

गेल्या वर्षी दिवाळीत महागावला घरी गेलो होतो, तेव्हा आमच्या अकरा वर्षांच्या पुतण्याने मला हा प्रश्न विचारला आणि आमची दोन वर्षांची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली.

तर झालं असं. मी आणि ऑफिसातला एक मित्र मिळून दर वीकांताला एक गेम बनवतोय. लोक ट्रेकला जातात, आम्ही कोड लिहितो. आता आठवडाभर कोड लिहून शनिवारी पुन्हा कोडच लिहिणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. :-) गेम आपला साधाच. जंगल, आश्रम, पडके किल्ले, मंतरलेली शस्त्रं, आणि शेवटी एक महाभयंकर असुर. ह्या असुरावर आम्ही काय जीव टाकला होता म्हणून सांगू! बारा फूट उंची, चार शिंगं, डोळ्यांतून ज्वाळा. चाळीस हजारांची ताकद. मरता मरता तीनदा रूप बदलणार. नुसता त्याचा अंगरखा वाऱ्यावर नीट फडफडावा म्हणून मित्राने सहा शनिवार घातले होते.

पुतण्याने गेम पटापट संपवत आणला. असुर समोर आला, गडगडाटी हसला, जग नष्ट करण्याबद्दल दीड मिनिट बोलला. पोरगं शांतपणे चिवडा खात ऐकत होतं. मग माझ्याकडे वळून म्हणालं, "काका, यानं माहं काय घोडं मारलं?"

"अरे, तो जग नष्ट करणार आहे ना!"

"मंग करू दे ना. गेम तं तसाबी संपलाच हाये."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या बसमध्ये, नागपूर-तुळजापूर हायवेवरचे खड्डे मोजत, मी त्याच प्रश्नावर विचार करत होतो. आम्ही राक्षस बनवला होता, खलनायक बनवलाच नव्हता.

मग आपल्याला लक्षात राहिलेले खलनायक कोणते? मी आठवायला लागलो. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी कॉलेजच्या लॅबमध्ये सर लोकांची नजर चुकवून खेळलेला पहिला गेम म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनरने बनवलेला, १९८९ चा. त्यात खलनायक आहे जाफर नावाचा वजीर. राजकन्येला कोंडून ठेवतो, तासाभराची मुदत देतो. तो साठ मिनिटांचा तास अजून आठवतो, पण जाफर? शेवटी एकदा तलवारबाजी झाली आणि मेला बिचारा.

पण त्याच गेममध्ये आणखी एक जण होता. चौथ्या लेव्हलला एक आरसा येतो, त्यातून उडी मारली की आपलीच सावली पलीकडे पळून जाते. पुढच्या लेव्हलला आपण मरत मरत एका औषधाच्या बाटलीपाशी पोचतो, तर ही सावली येते आणि आपल्या डोळ्यांदेखत ती बाटली पिऊन टाकते. बस्स, एवढंच. जग नष्ट करत नाही, गडगडाटी हसत नाही. पण तेव्हा मी लॅबमध्ये अक्षरशः शिवी हासडली होती (आणि पकडला गेलो होतो). कारण ती बाटली माझी होती.

'फायनल फँटसी सेव्हन' (१९९७) खेळलेल्या कुणालाही विचारा, सेफिरॉथचं नाव काढलं की काय आठवतं? त्याची लांबलचक तलवार आठवतेच, पण त्याआधी आठवते एरिथ. तुमच्या टोळीतली मुलगी, जखमी झालात की बरं करणारी. तिच्यावर तुम्ही कित्येक तास खर्च केलेले असतात, तिच्यासाठी शस्त्रं जमवलेली असतात. आणि सेफिरॉथ तिला मारतो. ती नुसती गोष्टीतून जात नाही, तुमच्या यादीतून जाते. पुढच्या लढाईत तुम्ही सवयीने तिला शोधता आणि ती नसते. सिनेमाला हे जमत नाही. सिनेमात खलनायक नायकाचं काहीतरी हिरावतो, गेममध्ये तो तुमचं हिरावू शकतो.

तरी सिनेमातलाही एक आपला माणूस ह्या परीक्षेत पास होतो. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू. वीतभर उंचीचा बाहुला! पण लहानपणी त्याने किती जणांची झोप उडवली ते आठवा. कारण तो लक्ष्याचा स्वतःचा बाहुला असतो. घरातला. आणि त्याला जग वगैरे काही नको असतं, त्या बाहुल्यातून सुटका हवी असते. म्हणजे भीती वाटायला बारा फूट लागत नाहीत.

पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) हा गेम मी मुद्दाम पुन्हा खेळलो. नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, फार देखणा. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस येतात आणि राजीच्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. त्यातला मुख्य असुर आहे महाबलासुर. खरं सांगायचं तर मला महाबलासुर फारसा आठवत नाही, गोलू आठवतो. पण माझी बोटं चालत होती ती गोलूसाठीच. मुद्दा तोच.

असो. हे सगळं पुण्यात बसून कळत होतं, पण आमच्या असुराचं काय करायचं ते काही सुचत नव्हतं. ते सुचलं यंदाच्या नवरात्रात, आणि तेही आजीमुळे.

आमच्या महागावहून माहूर जवळ. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो, नांदेड जिल्हा लागतो आणि माहूरचे डोंगर दिसायला लागतात. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, रेणुकेचं. आजीला वय झालं तरी नवरात्रात गड चढायचाच असतो. यंदा सोबत मी. पायऱ्यांवर दर दहा मिनिटांनी ती दम खायला बसे आणि दर बैठकीला गोष्टीचा एक तुकडा सांगे. लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण ह्यावेळी मी गेम बनवणाऱ्याच्या कानाने ऐकत होतो.

"सहस्रार्जुन मोठा राक्षस होता ना गं?" मी विचारलं.

"राक्षस कायचा बापा? राजा होता. चांगला राजा. दत्ताचा भक्त."

आणि हे खरंच आहे. कार्तवीर्य सहस्रार्जुन हा माहिष्मतीचा राजा. (हो, 'बाहुबली'तल्या राज्याचं नाव तिथूनच.) त्याला हजार हात मिळाले ते दत्तात्रेयांच्या वरामुळे. रावणाला पकडून कोंडून ठेवणारा पराक्रमी तो हाच. म्हणजे रामायणाचा खलनायक ज्याच्या तुरुंगात होता, तो हा. शिकारीला म्हणून निघाला आणि जमदग्नी ऋषींच्या आश्रमात आला. ऋषींनी त्याला जेवायला थांबवलं. नुसतं त्याला नाही, सगळ्या सैन्याला. जंगलातल्या आश्रमात एवढ्यांचं जेवण आलं कुठून? कामधेनूमुळे. राजा जेवला, तृप्त झाला, हात धुतले आणि म्हणाला, ही गाय मला द्या. ऋषी नाही म्हणाले. त्याने गाय नेली. पुढे काय झालं त्याच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत. कुठे सहस्रार्जुनच जमदग्नींना मारतो, कुठे परशुरामाने सहस्रार्जुनाला मारल्यावर त्याची मुलं येऊन सूड घेतात. पण जमदग्नी जातात, आणि परशुराम पृथ्वी एकवीस वेळा निःक्षत्रिय करण्याची प्रतिज्ञा करतो.

आजी हे सांगताना एका ठिकाणी दरवेळी थांबते. लढाईशी नाही, हजार हातांशी नाही. ती थांबते ते ह्या वाक्याशी: "अन् त्यानं रेणुकामायच्या हातचं खाल्लं होतं रे."

मी तिथल्या तिथे पायरीवर बसलो. आजीला वाटलं मीच दमलो.

तर मंडळी, मला सापडलेलं सूत्र हे असं आहे. खलनायक आपल्या घरी जेवून गेलेला पाहिजे. बाकी शिंगं, ज्वाळा, अंगरखा हे सगळं नंतर. ह्या गोष्टीत काय काय आहे ते इंजिनीअरच्या सवयीने सुटं करून बघू.

एक. तो आधी भेटतो. शेवटच्या लेव्हलला उगवत नाही. आणि भेटतो तेव्हा शत्रू म्हणून भेटत नाही, पाहुणा म्हणून भेटतो.

दोन. त्याला जे हवंय ते आपल्याला कळतं. जग नष्ट करणाऱ्याचं मन मला कळत नाही, जग नष्ट करून तो राहणार कुठे? पण एवढ्या मोठ्या फौजेला रोज पोसणाऱ्या राजाला अशी गाय दिसल्यावर काय वाटलं असेल, ते मला कळतं. महिन्याचा हिशोब जुळवणाऱ्या कुणालाही कळेल.

तीन. तो जे नेतो, ते आपण रोज वापरत होतो. कामधेनू म्हणजे देव्हाऱ्यातला हिरा नाही, आश्रमाचं स्वयंपाकघर आहे.

चार. त्याची ताकद आणि आपली मदत एकाच झऱ्यातून येते. ज्या दत्ताने सहस्रार्जुनाला हात दिले, तेच दत्त माहूरला परशुरामाकडून आईवडिलांचे अंत्यसंस्कार करवून घेतात. दत्तशिखर आणि रेणुकेचं शिखर समोरासमोर आहेत. कोणत्याही गेम डिझायनरने नकाशा असा काढला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

आणि पाचवा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त छळतो. अशा खलनायकाशी लढताना आपण आपणच राहत नाही. परशुरामाचा राग समजतो. पण एकवीस वेळा? पहिल्या वेळेचं समजतं, विसाव्या वेळी समोर कोण होतं? ज्यांनी कामधेनू पाहिलीही नव्हती ते. 'वॉरक्राफ्ट थ्री' (२००२) मधला आर्थस असाच. चांगला राजपुत्र, प्रजेला वाचवायला निघालेला. रोगाने पछाडलेल्या शहरातल्या लोकांना मारून टाकायचा हुकूम तो देतो, आणि माऊस तुमच्या हातात असतो. 'डायब्लो'चा नायक तर दैत्याला मारून त्याचा दगड स्वतःच्याच कपाळात खुपसतो, आणि दुसऱ्या भागात (२०००) तोच दैत्य होऊन पुढे फिरत असतो. आणि ती आपली बाटली पिणारी सावली? बाराव्या लेव्हलला ती तलवार उपसून समोर येते. तिच्यावर वार केला की आपणच घायाळ होतो. तिला मारलं तर आपण मरतो. उपाय एकच, आपली तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. आमच्या अख्ख्या लॅबला हे शोधायला दोन आठवडे लागले होते!

पुण्याला परत आल्यावर हे सगळं मोठ्या उत्साहात मित्राला सांगितलं. म्हटलं, ठरलं, आपला खलनायक सहस्रार्जुन! तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे त्यांची जयंती करतात." मित्र सोलापूरचा, सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजातला. त्यांच्यासाठी सहस्रार्जुन महाराज म्हणजे मूळपुरुष. तिकडे महेश्वरला त्यांचं मंदिर आहे. दोन वर्षं शेजारी बसून कोड लिहितोय, आणि मला हे माहीत नव्हतं. मी ओशाळलो. तो हसून म्हणाला, "गोष्ट घे, नाव नको घेऊस. आणि एक कर, त्याच्या बाजूनेही एकदा खेळून बघ." आमच्या विदर्भातही हे आहेच की. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे, तिथे दशमुखी रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि लोक तिची पूजा करतात. प्रत्येक खलनायक कुणाच्या तरी घरचा असतो.

आता खरं तर इथे लेख संपायला हवा होता. पण दसऱ्याचं सांगितल्याशिवाय संपणार नाही.

मी दहावीत होतो, १९९८ साल. बाबांचे एक मित्र होते, कापसाचे व्यापारी. दर दसऱ्याला आमच्याकडे जेवायला. आईच्या हातच्या पुरणपोळ्या मोजून सात खायचे आणि आठवी मला द्यायचे. त्या वर्षी बाबांनी बावीस क्विंटल कापूस त्यांना दिला, चुकारा संक्रांतीला घ्यायचा ठरला. संक्रांत गेली, होळी गेली. दुकानाला कुलूप लागलं. पैसे आले नाहीत ते नाहीतच. माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी आईने पाटल्या मोडल्या, आणि आमची बैलजोडी विकली गेली.

ह्या माणसाचा मी पंचवीस वर्षांहून जास्त राग केला. आणि माहूरच्या त्या पायरीवर मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. शेतीत आमचं त्याहून मोठं नुकसान कितीतरी वेळा झालंय. पावसाने केलंय, भावाने केलंय, बोंडअळीने तर विचारूच नका. पण बोंडअळीचा मला कधी असा राग आला नाही. बोंडअळी आमच्या घरी जेवली नव्हती.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते आले. एकटेच, काठी टेकत, हातात आपट्याची पानं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी आत जाणार होतो, पण बाबा उठून उभे राहिले होते, त्यामुळे मला जाता येईना. त्यांनी बाबांना सोनं दिलं, बाबांनी त्यांना दिलं. दोघंही काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्यासमोर हात केला. मी पान घेतलं. पाया पडलो नाही.

ते गेल्यावर मी बाबांना विचारलंच. "तुम्हाला राग नाही येत?"

"येते ना. मले नाई येणार?" बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याचाबी पैसा वरती अडकला होता. अन् तू झाला त्या रात्री तुह्या मायले पुसदले याच्याच जीपमदी नेलं होतं. पाऊस असा होता का नाल्याचा रस्ता दिसत नोता."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ह्या माहितीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बावीस क्विंटल वजा एक रात्र, हा हिशोब कुठल्या एककात मांडतात?

पुतण्याने विचारलं, "आबा, थे कोन होते?"

"मित्र हाये माहा," बाबा म्हणाले.

दसऱ्यानंतर आम्ही असुर काढून टाकला. अंगरखा ठेवला (सहा शनिवार!), पण तो आता एका साध्या उंचीच्या राजाच्या अंगावर आहे. आश्रमात एक गाय ठेवली. लढून थकलात की तिच्याजवळ यायचं, ताकद भरून निघते, गेम तिथेच सेव्ह होतो. दोन तास खेळून झाले की राजा पाहुणा म्हणून येतो. त्याला ताट वाढायचं काम खेळणाऱ्याचं. पान मांडा, भात वाढा, तूप वाढा. दुसऱ्या सकाळी राजा नसतो, आणि गायही नसते.

परवा दिवाळीत पुतण्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि मी लांब जाऊन बसलो. बराच वेळ काही आवाज नाही. मग चिवड्याची वाटी दाणकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काका! गाय कुठी हाये?"

मी गप्प. पोरगं जखमी गडी घेऊन तीन वेळा त्याच रिकाम्या गोठ्यापाशी जाऊन आलं. मग ओरडलं, "मी त्याले जेवू घातलं होतं! तूप वाढलं होतं मी त्याले! आता सोडतच नाई."

एवढं ऐकून माझी दोन वर्षं वसूल झाली. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत तो उठला नाही. शेवटी राजाच्या राज्यात पोचला. आम्ही तिथे फारसं काही लिहिलेलं नाही, संवाद तर एकही नाही. फक्त तडकलेली जमीन काढलीय, कोरड्या विहिरी, आणि गायीपुढे वाडगे घेऊन उभी असलेली लांबलचक रांग. त्या रांगेच्या टोकाशी राजा उभा असतो, पाठमोरा.

पोराचा हात कीबोर्डवर तसाच थांबला.

"काका, इथी पानी नाई काय?"

"नाही."

"मंग याले मारू का नको?"

कोडमध्ये दोन्ही रस्ते लिहून ठेवलेत. पण मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने गेम सेव्ह करायला बघितलं, तर सेव्ह करायची गाय रांगेच्या पलीकडे. माझ्याकडे एकदा रागाने बघून तो झोपायला गेला. लॅपटॉप तसाच चालू ठेवायला सांगून.

सकाळी मला पुण्याची बस होती. त्याने काय ठरवलं ते अजून कळवलेलं नाही.

असो. उद्या सोमवार. ऑफिस आहेच.